पायथॉनचं पाच वर्षांचं वेळापत्रक: सहा महिने वापरून, एका गायब इन्स्टॉलरची तक्रार

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा दुकानाचं बिलिंग मी सांभाळतो. तीन विंडोज मशीन, पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची 3.11 आवृत्ती आणि रोज रात्री कळमन्याच्या गोदामातून येणारी एक टार फाइल, म्हणजे अनेक फाइल्सचं एकत्र बांधलेलं गाठोडं. 3 जून 2025 ला 3.9 पासून 3.13 पर्यंत सगळ्या आवृत्त्यांना एकदमच सुरक्षा-दुरुस्ती आली. टार उघडताना ठरवलेल्या फोल्डरच्या बाहेर फाइल लिहिता येईल, असं भोक होतं. म्हणजे दुखणं नेमकं माझंच. 3.11.13 च्या पानावर गेलो, खालपर्यंत पाहिलं, तर विंडोजचा इन्स्टॉलरच नाही. नुसता सोर्स, म्हणजे कच्चा कोड; त्यातून चालणारा पायथॉन आपला आपण बनवायचा, म्हणजे बिल्ड करायचा.

दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती आणि तिला पाच वर्षं साथ, हे सगळ्यांना पाठ आहे. मलाही होतं. पण 3.12 पर्यंतच्या आवृत्त्यांना साधारण दर दोन महिन्यांनी बग-फिक्स आणि तयार इन्स्टॉलर फक्त पहिली दीड वर्षं मिळतात. पुढे उरते ती सुरक्षा, तीही गरज पडेल तेव्हा आणि सोर्समध्ये. 3.11 चा शेवटचा इन्स्टॉलर 3.11.9 चा, एप्रिल 2024 मधला. कूलरवाल्याने पाच वर्षांची वॉरंटी द्यावी आणि दीड वर्षानंतर म्हणावं, मोटर घेऊन जा, बसवायची तुमची तुम्ही!

बसवायला बसलो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कित्येक जीबींची बिल्ड टूल्स उतरवली, दोन दिवसांचा डेटा एका संध्याकाळी संपला, वरून रिचार्ज मारला तो माझ्या खिशातून. बिल्ड झालं एकदाचं. पण तीन मशीनवर हे दर वेळी कोण करणार? दुकानातले काका मागे उभे राहून म्हणाले, "चालून राह्यलं नं भाऊ, मंग कायले छेडून राह्यला?"

वैतागून 3.13 वर उडी मारली. ताजा इन्स्टॉलर 3.13.4 चा. बारकोड प्रिंटरचं जुनं पॅकेज तिथे कंपाइल करावं लागतं, आणि तयार तुकडे जोडणारा लिंकर अडून बसला: पायथॉन313टी.लिब सापडत नाही म्हणे. तो 'टी' कुठून आला? माझं बिल्ड तर साधंच होतं. दोन तास मी स्वतःलाच शिव्या दिल्या. चूक निघाली त्यांची. विंडोजच्या त्या इन्स्टॉलरमध्ये एक हेडर फाइल (कंपाइल करताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) जीआयएल नसलेल्या बिल्डची म्हणून गेली होती. जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन चालवू देणारं कुलूप; ते नसलेल्या वेगळ्या बिल्डच्या नावात 'टी' असतो. 11 जूनला, आठव्या दिवशी, वेळापत्रक बाजूला ठेवून 3.13.5 आली आणि पॅकेज निमूट बसलं.

इथे माझा राग निम्मा उतरला. एक रुपया न घेता आठ दिवसांत चूक कबूल करून दुरुस्त करतात. आमच्या प्रिंटरच्या सर्व्हिस सेंटरने फोन उचलायला याहून जास्त दिवस घेतलेत. शिवाय 3.13 पासून बग-फिक्सचा काळ दीडाऐवजी दोन वर्षं केलाय, म्हणजे इन्स्टॉलरही सहा महिने जास्त. तेव्हापासून नवीन आकडा आला की मी आठवडाभर हात लावत नाही. डिसेंबरमध्ये 2 तारखेला 3.14.1 आली आणि 5 तारखेला लगेच 3.14.2. मी चहा पीत बसलो होतो.

इन्स्टॉलरचं मात्र अजून सलतंच. डाउनलोडच्या पानावर "विंडोजवाल्यांनो, इथवरच" अशी एक ठळक ओळ टाकायला काय लागतं? मी आता आवृत्ती निवडताना तिचं मरण बघत नाही, शेवटचा इन्स्टॉलर कधीचा ते बघतो. 3.13 ची साथ 2029 पर्यंत आहे, पण माझ्या हिशेबात ती ऑक्टोबर 2026 ला संपते.

काकांना तो महिना सांगितला. "दिवाळीच्या तोंडावर? मशीनले हात लावाचा नाई," म्हणाले. कॅलेंडरवर ऑगस्ट लिहून आलो.