आयजीए नेफ्रोपथीचा कॅल्क्युलेटर: ऐंशी महिन्यांपुरते उत्तर

बायोप्सीचा अहवाल आला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि डायलिसिसची वेळ येणार का, आली तर कधी, एवढाच माझा प्रश्न होता. डॉक्टरांनी थेट उत्तर न देता मोबाइलवर ‘इंटरनॅशनल आयजीए नेफ्रोपथी प्रेडिक्शन टूल’ उघडून दाखवले. ‘क्यूएक्सएमडी’ या वैद्यकीय कॅल्क्युलेटरांच्या अ‍ॅपवर मोफत मिळणारे हे साधन गेल्या दीड वर्षात मी अनेकदा, खरे तर गरजेपेक्षा जास्त वेळा वापरले आहे.

आयजीए नेफ्रोपथी या माझ्या आजारात शरीराच्याच प्रतिपिंडांचे थर किडनीच्या गाळण्यांमध्ये साचून तिथे सूज येते. कुणाला तो वर्षानुवर्षे त्रास देत नाही, तर कुणाची किडनी काही वर्षांतच निकामी करतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले हे साधन मुख्यतः युरोप, उत्तर अमेरिका, चीन आणि जपानमधील 3,927 रुग्णांच्या नोंदींवर बेतलेले आणि पडताळलेले आहे. वय, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता सांगणारा आकडा), रक्तदाब, लघवीतून दिवसाला जाणारी प्रथिने, बायोप्सीत दिसलेल्या इजांना दिलेले एम, ई, एस आणि टी हे गुण आणि त्या वेळेपर्यंत घेतलेली ठरावीक औषधे एवढे भरले की ईजीएफआर निम्म्यावर येण्याची किंवा किडनी निकामी होण्याची शक्यता टक्क्यांत मिळते.

भरताना अडते ते आपल्याकडच्या अहवालांमुळे. माझ्या अहवालाच्या शेवटच्या ओळीत ‘एम1 ई0 टी1’ एवढेच होते; एस गायब होता आणि तो नव्याने लिहून घेण्यासाठी प्रयोगशाळेत दोन हेलपाटे घालावे लागले. साधनाला प्रथिने ग्रॅममध्ये हवी असतात, तर माझ्या अहवालात क्रिएटिनिनशी (किडनी बाहेर टाकते त्या टाकाऊ घटकाशी) असलेले प्रमाण मिलिग्रॅममध्ये, 1,400 असे छापलेले. ते दिवसाला साधारण 1.4 ग्रॅम धरायचे, हे कुणी सांगेपर्यंत कळत नाही. टी1 म्हणजे 26 ते 50 टक्के भागातील नलिका सुकलेल्या. एका रात्री मी उगाच तिथे टी0 करून पाहिले. टक्केवारी खाली आली, किडनीतले व्रण अर्थातच होते तिथेच राहिले.

सर्वांत जास्त खटकला तो वंशाचा रकाना. गौरवर्णीय, चिनी, जपानी आणि इतर असे पर्याय असून आपण सगळे ‘इतर’मध्ये जातो. वंश न विचारणारी दुसरी आवृत्तीही आहे आणि मी तीच वापरतो, पण तीदेखील मूळच्या त्याच रुग्णांवर उभी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने भारतीय रुग्णांचा स्वतंत्र अभ्यासगट उभारला आहे. अशा नोंदींवर पारखून घेतल्याशिवाय इथल्या रुग्णाने त्या टक्केवारीतील दशांशावर जीव टांगू नये.

याहून मोठी उणीव मुदतीची आहे. कमाल 80 महिन्यांपर्यंतचाच अंदाज मिळतो, म्हणजे पावणेसात वर्षेही नाहीत, आणि मला तर पुढची चाळीस वर्षे काढायची आहेत. ब्रिटनमधील दुर्मीळ किडनी-आजारांच्या नोंदवहीवरून 2023 मध्ये असे दिसले की ज्यांचे प्रथिनांचे सरासरी प्रमाण 0.44 ते 0.88 ग्रॅम होते, म्हणजे ज्यांचा आजार एरवी सौम्य समजला जाई, त्यांच्यातील सुमारे 30 टक्के लोकांच्या किडन्या दहा वर्षांत निकामी झाल्या. त्या नोंदवहीत मुळातच जरा जास्त आजारी रुग्ण येतात, हे मान्य. तरीही पाच वर्षांचा लहान आकडा पाहून तरुण रुग्णाने निर्धास्त होणे धोक्याचे आहे.

कोणते औषध लागू पडेल हे यातून ठरवता येत नाही, असे ‘केडिगो’ या किडनी-आजारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटले आहे. शिवाय सगळी माहिती बायोप्सीच्या दिवसाची असते. मी दर तिमाहीला नवे क्रिएटिनिन त्यात भरत बसलो होतो, ते सपशेल चूक होते. त्यासाठी 2022 मध्ये बायोप्सीनंतर एक किंवा दोन वर्षांनी वापरायची वेगळी आवृत्ती आली आहे. माझी दोन वर्षे येत्या दिवाळीनंतर पूर्ण होतील. तोवर मी हे पान बंद ठेवले असून प्रथिने 0.5 ग्रॅमच्या खाली येतात का, तेवढेच पाहतो आहे.