कंपवाताच्या घरातल्या दोन कादंबऱ्या

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे थरथरणारा हात येतो. ज्या घरात हा आजार वस्तीला आलेला असतो, त्या घराला मात्र थरथरीपेक्षा इतर गोष्टी अधिक ओळखीच्या असतात : कूस बदलायला लागणारी मदत, मनातले काहीच न दाखवणारा चेहरा, शर्टाच्या एका बटणाशी चाललेली झटापट आणि गोळीच्या वेळांभोवती बांधला गेलेला सगळ्यांचा दिवस. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणाची नऊ वर्षे आम्ही अशीच काढली. त्या काळात रोहिंटन मिस्त्री यांची ‘फॅमिली मॅटर्स’ (२००२) आणि जोनाथन फ्रॅन्झेन यांची ‘द करेक्शन्स’ (२००१) या दोन इंग्रजी कादंबऱ्या मी वाचल्या, आणि ते गेल्यानंतर पुन्हा वाचल्या. आजारी माणसाची सेवा नेमकी कोण करते, कोणत्या वेळी करते आणि त्यासाठी काय मोजते, याचा हिशेब मांडणारी कादंबरीच मला या विषयाशी प्रामाणिक वाटते, आणि या कसोटीवर मिस्त्रींची कादंबरी फार वरची आहे.

मुंबईतील पारशी निवृत्त प्राध्यापक नरिमन वकील ७९ वर्षांचे आहेत. कंपवात आधीच जडलेला, त्यात पडून घोटा मोडतो. मोठ्या घरात राहणारी सावत्र मुले, कूमी आणि जाल, थोड्याच दिवसांत थकतात आणि त्यांना सख्ख्या मुलीच्या, रोक्सानाच्या, दोन खोल्यांच्या घरी पोचवतात. तिथे नरिमन बाहेरच्या खोलीतील कोचावर झोपतात, म्हणून एका नातवाला बाल्कनीत झोपावे लागते. रोक्साना महिन्याचा पगार दूध, पाव, भाडे अशी नावे घातलेल्या पाकिटांत वाटून ठेवते, आणि औषधांचा खर्च सुरू झाल्यावर ती पाकिटे कशी रोडावत जातात हे मिस्त्री इतक्या बारकाईने लिहितात की वाचताना आपणच मनात बेरीज करू लागतो. नऊ वर्षांचा जहांगीर शाळेत गृहपाठ तपासण्याच्या कामात मुलांकडून पैसे घेतो आणि ते गुपचूप त्या पाकिटांत ठेवतो. आजार मुलाच्या सचोटीपर्यंत कसा पोचतो, हे याहून नेमके मी कुठे वाचलेले नाही.

जावई येझद सुरुवातीलाच बजावतो की बेडपॅनला आपण हात लावणार नाही. पुढे त्याच्यात होणारा बदल लेखकाने घाई न करता दाखवला आहे, आणि ज्यांनी शुभंकराचे, म्हणजे आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याचे, काम केले आहे त्यांना ती पाने खरी वाटतील. दोष सांगायचे तर, येझदच्या मालकाचे उपकथानक लांबले आहे, घराचा तिढा ज्या अपघाताने सुटतो तो फार सोयीचा आहे, आणि नरिमन स्वतः कमालीचे समंजस आहेत. या आजारात माणूस चिडतो आणि कधी बोचरे बोलतो, त्याला कादंबरीत पुरेशी जागा मिळालेली नाही.

ती जागा फ्रॅन्झेन देतात. अमेरिकेतील रेल्वेचे निवृत्त अभियंता आल्फ्रेड लॅम्बर्ट हट्टी आणि अबोल आहेत, आणि आयुष्यभर शिस्तीच्या जोरावर जगलेल्या या माणसाचे शरीरच त्याची आज्ञा मानेनासे होते. बोटीवरच्या प्रवासात रात्री त्यांना भास होऊ लागतात आणि स्वतःची विष्ठाच त्यांच्याशी उद्दामपणे बोलते. पहिल्या वाचनात हा प्रसंग मला अतिशयोक्त वाटला होता. पुढे एका रात्री सासऱ्यांनी कपाटावर मुले बसली आहेत असे शांतपणे सांगितले, तेव्हा माझे मत बदलले. असे भास आजारातून होतात तसे त्यावरच्या औषधांमुळेही होतात, हे आम्हाला त्यानंतर डॉक्टरांकडून कळले. मुलगा चिप याचे लिथुएनियातील प्रकरण मात्र या घरापासून फार दूर जाते आणि मी ते दोन्ही वेळा भरभर वाचले.

‘द करेक्शन्स’मधील सर्वांत खरे पात्र मला आल्फ्रेडची पत्नी इनिड वाटते. नवऱ्याने मनावर घेतले, व्यायाम केला, जरा उत्साह दाखवला तर तो सुधारेल, ही तिची समजूत सुटत नाही, आणि खुर्चीत बसून राहणे हा तिला त्याचा आडमुठेपणा वाटतो. उदासीनता हा याच आजाराचा भाग असतो, ही गोष्ट कुटुंबांना फार उशिरा समजते.

निदान नुकतेच झाले असेल त्या घराने आधी मिस्त्री वाचावेत. फ्रॅन्झेन यांच्याकडे काही महिन्यांनी, थोडे बळ आल्यावर वळावे. माझ्या सासूबाई इंग्रजी वाचत नाहीत, म्हणून इनिडची गोष्ट मी त्यांना तोंडी सांगितली. त्याही वर्षानुवर्षे सासऱ्यांना “जरा प्रयत्न करा हो” म्हणत आल्या होत्या आणि त्यावरून मी त्यांच्यावर रागावतही असे. ऐकून झाल्यावर त्या बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी एवढेच विचारले, “तिला कोणी समजावून सांगितलं नाही का गं?”