फ्रिजला पाणी जोडायला आलेले दोघं

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युत अपघटनाचा धडा तर इतक्या वेळा, की धनाग्र-ऋणाग्र झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात मला लाज वाटते ती याचीच.

दसऱ्याला मोठा फ्रिज घेतला. दारातूनच गार पाणी आणि बर्फ देणारा. त्याच्या मागे पाव इंची नळी जोडून घ्यावी लागते. दुकानाच्या माणसांनी फ्रिज जागेवर उभा केला आणि पाण्याचं कनेक्शन कंपनीचा माणूस येऊन करेल म्हणाले. तीन दिवस कोणी फिरकलं नाही. इकडे ह्यांची भुणभुण सुरू, एवढे पैसे घालून बर्फ ट्रेमध्येच लावायचा का म्हणून. शेवटी मी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकलं, पुढे 'कस्टमर केअर पुणे' लिहिलं आणि पहिला दिसला तो नंबर फिरवला. खरा नंबर फ्रिजच्या दाराच्या आत, चिकटवलेल्या कागदावर होता. माझ्यापासून चार पावलांवर.

संध्याकाळी सहाला दोघं हजर. अंगात कंपनीचं चिन्ह असलेले टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. चपला बाहेर काढल्या. पाणी पुढे केलं तर "नको काकू, आधी काम." मी तिथेच विरघळले.

दोघांतल्या मोठ्याने नळ सोडला, धारेखाली बोट धरलं आणि मान हलवली. "प्रेशर नाही. असंच जोडलं तर कॉम्प्रेसरवर लोड येणार, वॉरंटी जाणार." मग बॅगेतून दोन सळ्यांचं यंत्र काढलं. एका पेल्यात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं 'फिल्टरचं'. सळ्या बुडवल्या, पिन सॉकेटमध्ये खुपसली. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी झालं, वर गाळाचा फेस आला. बाटलीतलं मात्र जवळजवळ होतं तसंच राहिलं. "हे पाणी पिताय तुम्ही, काकू."

आणि विज्ञानाच्या बाई गप्प! लोखंडाची सळई धनाग्र म्हणून झिजते, तो रंग गंजाचा असतो, पाण्यातल्या घाणीचा नव्हे. त्याच्या बाटलीतल्यासारख्या आरओच्या, म्हणजे शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात क्षार नगण्य, म्हणून त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि सळई झिजत नाही. एवढंच. पण प्रयोग आपल्याच ओट्यावर होतो आणि नातवंडं याच नळाचं पाणी पितात, तेव्हा धडा आठवत नाही.

बिल १४,८०० रुपये. पंप, तीन टप्प्यांचा 'कंपनीचा' फिल्टर, नळी मीटरला १८० रुपये. आरओला लागते तीच पांढरी नळी ही, हार्डवेअरच्या दुकानात याच्या कितीतरी कमी दरात मिळते. पैसे यूपीआयने दिले. पडद्यावर कंपनीचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, तर म्हणे, "आमचे सुपरवायझर आहेत." तेही मानलं.

सतराव्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली होती. आमच्या ओट्याखालचं प्लायवुड फुगून पाव झालं होतं. मी त्या नंबरवर फोन लावला. बंद. मग दाराच्या आतला नंबर लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या पत्त्यावर आम्ही अजून माणूसच पाठवलेला नाही."

खरा माणूस दुसऱ्या दिवशी आला आणि त्याच्याकडून जे कळलं ते नीट लिहिते. प्रेशर खरंच कमी होतं. आम्ही चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. गच्चीतल्या टाकीपासून नळापर्यंतची उंची जेमतेम चार मीटर. दहा मीटर उंचीला एक बार दाब, म्हणजे साधारण १४ पीएसआय (हेही दाबाचंच एकक). या हिशेबाने आमच्याकडे सहाच्या आत. फ्रिजच्या पुस्तिकेत किमान २० हवेत असं छापलंय. म्हणजे पंप लागणारच होता. दहा खोट्यांत हे एक खरं मिसळलेलं, म्हणूनच बाकीचं सगळं गळी उतरलं. बाकी कॉम्प्रेसरचा आणि पाण्याच्या नळीचा काडीचा संबंध नाही. नळी न जोडताही फ्रिज गार होतो, फक्त बर्फाचं यंत्र बंद ठेवायचं.

लावलेला पंप आरओचाच, जुना, वर नवं स्टिकर. त्याला प्रेशर स्विच, म्हणजे दाब वाढला की पंप बंद करणारं बटण, बसवलेला नव्हता. फ्रिजला पाणी नको असतं तेव्हा त्याचा आतला व्हॉल्व्ह बंद असतो, पण पंप आपला ढकलतच राहिला, रात्रंदिवस. सांध्याला टेफ्लॉन टेपही नव्हती. तो सुटला नसता तरच नवल. 'कंपनीचा' फिल्टर तर निव्वळ फालतू निघाला. फ्रिजमध्ये त्याचा स्वतःचा फिल्टर आधीच होता.

बिलावरचा जीएसटी क्रमांक मी तेव्हा कुठे मोजला. पंधरा अक्षरं-अंक हवेत, तेरा होते. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, हा ०९ ने. हे पैसे देण्याआधी दोन मिनिटांत बघता आलं असतं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली. तिथे पहिला प्रश्न आला, पैसे कधी गेले? सतरा दिवसांपूर्वी म्हटल्यावर पलीकडे थोडी शांतता. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे मिळालेले नाहीत. हा फोन त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला करायचा असतो, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची काही आशा असते.

नंतर सोसायटीच्या प्लंबरकडून त्याच पंपाला प्रेशर स्विच लावून घेतला, ओट्याखाली चटकन हाताला येईल असा एक बॉल व्हॉल्व्हही बसवला. आता बर्फ पडतो.

काकांची माफी मागायला गेले, तेव्हा नऊ व्होल्टची बॅटरी आणि चार खिळे बरोबर नेले. (त्यांच्यासारखं थेट सॉकेटला जोडायचा आगाऊपणा कृपा करून कुणी करू नका.) दोन पेल्यांत एकच आरओचं पाणी, एकात चिमूटभर मीठ. बॅटरी आधी बिनमिठाच्या पेल्याला लावली, तर फार काही झालं नाही. मग मिठाच्या पेल्याला लावली आणि चहा संपेपर्यंत त्यातलं पाणी गढूळ तपकिरी झालं. काकू बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, गेल्या वर्षी आमच्याकडेही हेच दाखवून मशीन विकलं. बावीस हजारांचं. हसाल म्हणून कुणाला बोललो नाही."