चाईसाठी टोफासिटिनिब : आठ महिन्यांचा अनुभव

कानामागे रुपयाएवढी चाई पडली तेव्हा पार्लरवाली म्हणाली, कीड लागलीय. मावशीने महिनाभर कांद्याचा रस चोळायला लावला. गेल्या दिवाळीपर्यंत निम्मं डोकं आणि डावी भुवई गेली. दोष किडीचा नव्हता, पाण्याचाही नव्हता. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी केसांच्या मुळांवर तुटून पडतात. मूळ मात्र मरत नाही, म्हणून केस परत येऊ शकतात. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथेच रडले.

आधी चट्ट्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली. तिथे केस आले, पण शेजारी नवी चाई पडत राहिली. मग डिसेंबरपासून टोफासिटिनिबच्या गोळ्या, ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. औषध मुळात संधिवाताचं. याच गटातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. सुरू करण्याआधी टीबी, हिपॅटायटिस, लिव्हर, कोलेस्टेरॉल असं सगळं तपासलं. ठाणे ते दादर रोज गर्दीत उभं राहणाऱ्यांनी टीबीची तपासणी तर टाळूच नये, कारण या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात आणि दबून असलेला टीबी डोकं वर काढू शकतो. कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झाला असेल तर तेही आधीच सांगावं.

पहिले दोन महिने काहीच नाही. लेडीज डब्यात स्कार्फ बघून एका बाईंनी हळूच विचारलं, "केमो चालू आहे का?" त्यांनी मायेनेच विचारलं होतं, पण मी पुढच्या स्टेशनला उतरून दुसरी गाडी पकडली. तिसऱ्या महिन्यात आरशात पांढरी लव दिसली. सुरुवातीला केस असे पांढरेच येतात, हे ठाऊक नसतं तर घाबरले असते. एप्रिलमध्ये भुवई भरली.

मे महिन्यात कमरेवर नागीण उठली. डॉक्टरांनी सहा आठवडे गोळ्या बंद ठेवल्या आणि शेवटी शेवटी मानेवरचे केस पुन्हा हातात येऊ लागले. गोळीने आजार जात नाही, फक्त थोपून राहतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्या मते सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न हाच आहे की किती वर्षं घ्यावी लागेल. मी तो विचारला नव्हता.

आता पुन्हा चालू आहेत. मानेवर दोन चट्टे उरलेत. स्कार्फ पर्समध्ये असतो, रोज बांधत नाही. पुढची रक्ततपासणी गणपतीनंतर.