अर्धकच्चे सीएफसी ट्रे आणि आमची फसगत

सॅम्पल म्हणून आलेला सीएफसीचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांच्या कंपोझिटचा, ट्रे अस्सल होता, हे आधीच सांगतो. तो आजही आमच्या भट्टीत चालतोय. फसलो ते त्याच्यामागून आलेल्या चौदा ट्रेंमध्ये.

आमचं काम व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे हवा काढलेल्या भट्टीत पोलाद तापवून कडक करण्याचं. डाय, पंच, कटर असे टूल स्टीलचे जॉब. बहुतेक लोड १०३० अंशांच्या आसपास, हायस्पीड स्टीलचे १२०० पर्यंत. आधी सगळं निकेल-क्रोमच्या जाळीदार ट्रेवर चालायचं. ते ज्यांनी वापरलेत त्यांना त्यांचे रंग माहीत आहेत. नवा असताना ट्रे सरळ असतो, मग मधोमध पोट सोडतो, मग वेल्डपाशी तडकतो. वाकलेल्या ट्रेवर ठेवलेला लांब जॉबही वाकतो आणि बोलणी आपण खातो. शिवाय दर लोडला जॉबाबरोबर ते ट्रेचं धूडही तापवा आणि गार करा.

त्यामुळे सीएफसीचं आकर्षण होतंच. त्याची घनता साधारण दीड, निकेल-क्रोम मिश्रधातूची आठच्या घरात. तापल्यावर तो मऊ पडत नाही, उलट दोन हजार अंशांपर्यंत त्याची ताकद थोडी वाढतेच. प्रसरणही नाममात्र. यातलं काहीच खोटं नाही. आम्हाला विकणाऱ्यानेही बहुतेक खरंच सांगितलं, म्हणून तर गळाला लागलो.

“विमानाच्या ब्रेकचं मटेरियल आहे साहेब,” हे त्याचं पहिलं वाक्य. तेही खरं. कॉन्कॉर्डचे ब्रेक कार्बनचे होते आणि स्पेस शटलचं नाकही याच जातीच्या मटेरियलचं होतं. फक्त शटलच्या त्या नाकावर सिलिकॉन कार्बाइडचा थर चढवलेला होता, कारण उघडा कार्बन हवेत ४०० अंशांच्या आसपास जळायला लागतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर मात्र मोठ्या अक्षरात ‘कमाल तापमान २०००°’ एवढंच. कुठल्या वातावरणात, ते कुठेच नाही. तिथेच मी एक प्रश्न विचारला असता तर पुढच्या गोष्टी वेगळ्या घडल्या असत्या, असं आता वाटतं.

सॅम्पल ट्रे दोन महिने चालवला. दाखवायला एक वाक नाही. आम्ही खूश. अर्धी रक्कम आगाऊ दिली आणि पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, लिहिलं, ‘सीएफसी ट्रे, ड्रॉइंगप्रमाणे, १४ नग’. बस, एवढंच. घनता नाही, शेवटी किती अंशांवर भाजलेलं मटेरियल ते नाही, धाग्यांची दिशा नाही, नापास कशावर करायचं तेही नाही. पाव इंची बोल्ट मागवताना मी याहून जास्त लिहितो.

माल आला तो दिसायला सॅम्पलपेक्षा देखणा. गुळगुळीत, चकचकीत काळा. उतरवून घेताना आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, “साहेब, हे त्याच्यापेक्षाही हलके लागतायत. आणि हाताला रंग सुटतोय बघा.” त्यांच्या तळव्यावर काजळीसारखा पट्टा उमटला होता. मी हसून म्हणालो, “काका, हलका तर हवाच होता ना!” हे वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरलं.

पहिल्याच लोडला पंप दमला. एरवी पाऊण तासात येणारं व्हॅक्यूम यायला दोन तास लागले आणि तापमान वाढेल तसं पुन्हा पुन्हा पडायला लागलं. चांदीसारखे निघायला हवेत ते जॉब करडे-तपकिरी निघाले. दाराच्या आतल्या थंड बाजूवर तपकिरी चिकट थर बसला होता, बोटाने पुसला तर डांबरासारखा वास. फोन केला तर उत्तर तयार होतं, “नवीन मटेरियल आहे साहेब, पहिले तीन-चार हीट असंच होतं. सेट व्हायला वेळ लागतो.”

यातही अर्धं सत्य आहे. सीएफसी सच्छिद्र असतं, हवेतला दमटपणा पितं, म्हणून नवे ट्रे आधी वाळवावे लागतात आणि एकदा रिकाम्या भट्टीत तापवून घ्यावे लागतात. पण दमटपणाने पाणी सुटतं, डांबर नाही. हा फरक तेव्हा डोक्यात आला नाही. आम्ही ‘सेट’ व्हायची वाट बघत राहिलो.

विसाव्या की एकविसाव्या हीटला दार उघडलं तर वरच्या मजल्यावरचे पंच खालच्या मजल्यावर. ट्रेच्या पट्ट्या एकमेकींत खाचेने अडकवलेल्या असतात, त्यातली एक पट्टी खाचेपासून उभी फाटली होती. तुटली नव्हती, फाटली होती. भिजलेला पुठ्ठा सोलावा तसे तिचे थर सुटले होते आणि नख घातलं की पुढचा थर अलगद उचलला जात होता. आत थरांच्या मध्ये भुरकट भुसा. चकाकी फक्त वरच्या कातडीपुरती.

आता विक्रेत्याचा सूर बदलला. “तुमच्या भट्टीला लीक आहे. ऑक्सिडेशन झालंय. वॉरंटीत बसत नाही.” हा आरोप नीट समजून घ्या, कारण सीएफसीच्या बाबतीत तो कुणावरही करता येतो आणि ऐकणारा गडबडतो. भट्टीत लीक असेल किंवा भट्टी गरम असतानाच दार उघडलं असेल, तर कार्बन जळतो हे खरंच. पण जळण्याची एक तऱ्हा असते. हवा बाहेरून खाते. आधी कोपरे गोल होतात, मग कडा बारीक होतात, बोल्टची भोकं मोठी होतात, जाडी उतरते, धागे उघडे पडून केसाळ दिसतात. आमच्या पट्टीचे कोपरे हाताला टोचत होते. व्हर्निअर लावला तर जाडी ड्रॉइंगला बरोबर ५ मिमी. बाहेरून शाबूत आणि आतून फाटलेलं मटेरियल हवेने खाल्लेलं नसतं. वर, तोच जुना सॅम्पल ट्रे त्याच भट्टीत, त्याच लोडमध्ये मजेत उभा होता. लीक काय ट्रे निवडून जाळतं?

त्या दिवशी पहिल्यांदा वजनकाटा बाहेर काढला. ट्रेच्या तळाची सपाट प्लेट, खाच नसलेली, ६०० बाय ४०० बाय ५ मिमी. घनफळ १२०० घनसेंटिमीटर. सर्टिफिकेटवर घनता १.५५, म्हणजे वजन १८६० ग्रॅम भरायला हवं. भरलं १४७०. घनता १.२२! सगळ्या हिशेबाला दहा मिनिटं लागली, आणि काकांच्या हातांना ते उतरवतानाच कळलं होतं.

हा आकडा काय सांगतो ते कळायला हे मटेरियल बनतं कसं ते थोडं माहीत हवं. कार्बनच्या धाग्यांचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर दाबतात आणि हवा लागू न देता हजारेक अंशांवर भाजतात. रेझिनचा कोळसा होतो, पण त्यातला बराच भाग वायू होऊन उडून जातो आणि आत पोकळ्या राहतात. त्या बुजवायला पुन्हा रेझिन किंवा पिच (डांबराच्या जातीचा पदार्थ) मुरवायचं आणि पुन्हा भाजायचं. असं दोनदा-तीनदा, नाहीतर हायड्रोकार्बन वायूतून आत कार्बन बसवायचा. शेवटी दोन हजार अंशांच्या वर एक भाजणी. वेळ आणि वीज लागते ती या मागच्या फेऱ्यांना. आणि पहिल्या भाजणीनंतरही प्लेट काळी, कडक, तयार मालासारखीच दिसते! आमच्या पुरवठादाराने तिथेच हात आखडला होता. पहिली भाजणीही बहुधा घाईची, नाहीतर डांबर कुठून निघालं असतं? वरून ग्रॅफाइटचा रंग मारून छिद्रं झाकली. काकांच्या तळव्यावर उतरला तो तोच.

मग हट्टाला पेटून आणखी दोन गोष्टी केल्या. रंग खरवडून काढलेला १०० ग्रॅमचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, त्याने २० ग्रॅम पाणी प्यायलं. सॅम्पल ट्रेच्या कोपऱ्याच्या तुकड्याने, त्याच हिशेबाने, ६. दुसरा तुकडा वाळवून, वजन करून रिकाम्या भट्टीत १२०० ला एक तास ठेवला. परत काढला तर तीन टक्के वजन गायब आणि तुकडा किंचित पिळलेला. दोन हजार अंश पाहून आलेलं मटेरियल १२०० ला वजन का सोडेल?

सर्टिफिकेटचंही सांगतो. वाकवण्याची ताकद १५० मेगापास्कल लिहिली होती आणि ती खोटी असेलच असं नाही. पण ती धाग्यांच्या दिशेने मोजलेली. थरांमधली पकड किती, जिथे आमची पट्टी फाटली, त्याचा रकानाच नव्हता. चांगल्या मालातही ती पकड या आकड्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असते. बॅच नंबरच्या जागी आडवी रेघ. तो कागद आमच्या ट्रेंचा नव्हताच, कुठल्यातरी चांगल्या प्लेटचा होता.

एक थाप वेगळीच होती आणि तिने जॉब खाल्ले. हायस्पीड स्टीलचे कटर थेट सीएफसीवर ठेवले तर चालेल का, असं मी विचारलं होतं. उत्तर आलं, “बिनधास्त ठेवा, कार्बन आहे, काही होत नाही.” होतं! लोखंड आणि कार्बन टेकले की कार्बन लोखंडात शिरतो आणि ११५० अंशांच्या जरा खालीच त्या जोडीचा रस व्हायला लागतो. आमचे कटर १२०० ला. बाहेर काढताना तीन कटर ट्रेला चिकटलेले. एक ओढून काढला तर त्याच्या बुडाला मसुराएवढा खड्डा आणि ट्रेवर तेवढाच चकचकीत मणी. यात माल अस्सल असता तरी हेच झालं असतं. मध्ये अॅल्युमिनाची पातळ प्लेट किंवा सिरॅमिकचा लेप हवा. निकेलच्या मिश्रधातूंचंही तेच, फक्त थोडं वरच्या तापमानाला. हे न सांगणाऱ्याला एकतर धंदा माहीत नाही किंवा तुमची फिकीर नाही.

पैशांचं काय झालं? आगाऊ दिलेले गेले. उरलेले आम्ही दिले नाहीत, त्यावर नोटीस आली. वकिलाने पीओ वाचला आणि विचारलं, “तुम्ही सीएफसी मागितलं, त्यांनी सीएफसी दिलं. यात घनता कुठे लिहिली आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी अर्ध्यावर मिटलं.

आता पीओ पानभर असतो. घनता किमान १.५, आणि ती आमच्या काट्यावर, आमच्यासमोर. शेवटची भाजणी किती अंशांवर, ते बॅच नंबरसकट. वरून रंग किंवा लेप असेल तर कशाचा, ते लेखी. प्रत्येक बॅचबरोबर त्याच प्लेटचा हातभर उरलेला तुकडा, कापून-जाळून बघायला. आगाऊ रक्कम कमी, आणि शेवटचा हप्ता रिकाम्या भट्टीतल्या एका हीटनंतर. दोन पुरवठादारांनी हे वाचून कोटेशनच दिलं नाही. तिसऱ्याने उलट आम्हालाच विचारलं, तुमच्या भट्टीचा लीक रेट किती आणि दार किती अंशांवर उघडता? त्याच्याकडून घेतले.

जुन्या चौदांपैकी नऊ अजून रॅकवर पडून आहेत. मध्ये सुपरवायझरने सुचवलं की टेंपरिंगच्या (कडक केलेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवायच्या) भट्टीत तरी वापरू, तिथे साडेपाचशेच तर अंश असतात. ती भट्टी हवेतली आहे. काकांनीच त्याला थांबवलं, “अरे, कापरासारखे उडून जातील.”