फायरब्रिक, कास्टेबल की ब्लँकेट?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) भट्टीचं लाइनिंग, म्हणजे आतलं अस्तर, गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती डिग्रीची वीट घालू?’ माझ्या मते आधी विचारावं, भट्टी रोज विझते का?

कारण नुसत्या तापमानाने वीट क्वचित जाते. १२५० डिग्रीला साधी फायरब्रिकही वितळत नाही. पण पेटवताना तिचं तोंड झपाट्याने फुगतं, पाठ थंडच राहते. विझवून लगेच दार उघडलं की उलटं. मग तोंडाचा पापुद्रा सुटतो. हजार डिग्रीला भिंत मीटरमागे ५-६ मिलिमीटर वाढते, त्यासाठी मिस्त्रीने सांधा सोडला नाही तर ती पोट काढते. फोर्जिंगमध्ये (तापलेलं लोखंड ठोकून घडवताना) शिवाय स्केलचा, म्हणजे लोखंडावरून सुटणाऱ्या पापडीचा त्रास: हा लोखंडाचा ऑक्साइड विटेतल्या सिलिकाला भिडला की १२०० च्या आसपासच वितळून रस सुटतो. खालच्या थरांवरची काळी चकाकी तीच. तरीही फोर्जिंगला आणि चोवीस तास चालणाऱ्या भट्टीला मी वीटच सांगेन, तळाला जास्त ॲल्युमिनाची.

कास्टेबल, म्हणजे पाणी घालून ओतायचं भट्टीचं काँक्रीट, बर्नरच्या तोंडाला, दाराच्या चौकटीला उत्तम, सांधेच नाहीत. गोम पाण्यात आहे. मिस्त्री अंदाजाने बादली ओततो आणि ताकद तिथेच जाते. शिवाय मोकळं पाणी ११० डिग्रीला गेलं तरी सिमेंटमध्ये बांधलेलं पाणी पुढे कितीतरी वर जाईपर्यंत निघत असतं. ऑर्डर अडलीय म्हणून एका रात्रीत भट्टी चढवली की आत वाफ कोंडते आणि ढलपे उडतात. दोष मात्र मालाला लागतो!

ब्लँकेट म्हणजे सिरॅमिक तंतूंची गादी. ते घनमीटरला १२८ किलोचं, वीट साधारण दोन हजारांची. त्यामुळे भिंत तापवण्यात गॅस जात नाही आणि रोजच्या चढउताराने तडेही जात नाहीत. पण ‘१२६० ग्रेड’ म्हणजे रोज १२६० ला चालवा असं नव्हे. तिथे ते आकसतं, ठिसूळ होतं, फटी पडतात. ज्वाळेचा थेट झोत आणि जॉबचा (भट्टीत घातलेल्या मालाचा) धक्का त्याला चालत नाही. फर्नेस ऑइलच्या राखेतलं व्हॅनेडियम आणि सोडियमही त्याला खातं. गॅसवरच्या, रोज विझणाऱ्या, ९००-९५० च्या हीट ट्रीटमेंट बोगीला (चाकांवर तळ बाहेर सरकणाऱ्या भट्टीला) मात्र भिंती-छत ब्लँकेटचं, तळ विटेचा, हेच घ्या. जुनं ब्लँकेट काढताना धूळ छातीला वाईट. नाकाला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क द्या.

कोटेशन मागवण्याआधी जुनी भिंत बॅटरी मारून बघा. तोंडाला समांतर तडे असतील तर चढउतार नडलाय, चकाकी असेल तर स्केल किंवा राख, पोट असेल तर सांधा.