वडिलांची स्मरणिका छापून घेताना: नारायण पेठेतील एका छापखान्याचा अनुभव

अण्णांच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या आप्तेष्टांच्या हाती त्यांच्या आयुष्याविषयीची एक छोटी स्मरणिका द्यावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले आणि पुण्याच्या नारायण पेठेतील एका जुन्या छापखान्याकडे ते काम सोपवले. 48 पानांच्या, म्हणजे तीन फर्म्यांच्या (एका फर्म्यात सोळा पाने), 100 प्रती आम्ही करून घेतल्या. असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अण्णा वाई आगारात एसटीचे वाहक होते. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि अण्णांचा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे ‘एसटी आणि मी एका वयाचे’ असे ते अभिमानाने सांगत. नोकरीतील बरीच वर्षे ते जोर या गावच्या मुक्कामी गाडीवर होते. संध्याकाळी निघत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचे कॅन व शाळकरी मुले घेऊन वाईला परतत. त्यांचा खाकी गणवेश भिजवण्यापूर्वी आई खिसे उलटे करून झटकत असे, तेव्हा तिकिटांना पंच करताना पडलेल्या रंगीत कागदाच्या बारीक टिकल्या अंगणभर उडत आणि आम्ही त्या वेचून काडेपेटीत साठवत असू.

छापखान्याच्या मालकांनी पहिल्या भेटीत दर सांगण्याआधी मला एकच प्रश्न विचारला: “ताई, ते ड्यूटीवरून घरी आल्यावर आधी काय करायचे?” मी सांगितले की ते गणवेश बदलण्यापूर्वी आईसाठी चहा ठेवत, कारण त्यांच्या अनुपस्थितीत आम्हा तिघांना एकटीने सांभाळताना तिची झोप झालेली नसे, हे त्यांना ठाऊक होते. मालकांनी आमचा मजकूर वाचला आणि जन्म, शिक्षण, नोकरी या क्रमाने लिहिलेले पहिले पान मागे नेऊन चहाचा हा प्रसंग पुढे घेण्यास सुचवले. आज ती स्मरणिका हातात घेणारा प्रत्येक जण त्या पानाशी थांबतो. हा छापखाना मजकूर वाचतो, नुसता लावत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागले. आमच्याकडे 1976 चे एक कृष्णधवल छायाचित्र आहे. वाईच्या ढोल्या गणपतीसमोरील घाटाच्या पायऱ्यांवर आई मोठ्या भावाला कडेवर घेऊन उभी आहे आणि शेजारी अण्णा आहेत. छायाचित्राला एका कोपऱ्यात बुरशी लागली होती. तिथल्या संगणकचालकाने ते स्कॅन करून बुरशीचे डाग इतक्या सफाईने काढले की मूळ डाग कुठे होते हे शोधूनही सापडू नये. परंतु पहिल्या प्रुफात अण्णांचा उजवा हात रिकामा दिसत होता. मूळ छायाचित्रात त्या हातात आईच्या चपला आहेत. ओल्या पायऱ्यांवर मुलाला घेऊन उतरताना तिचा पाय घसरू नये म्हणून तिने चपला काढल्या होत्या आणि त्यांनी त्या उचलून घेतल्या होत्या. चित्र नीटनेटके दिसावे, या चांगल्या हेतूनेच त्या पुसल्या गेल्या होत्या. मी कारण सांगितल्यावर मालकांनी स्वतः मूळ स्कॅन पुन्हा उघडून घेतले, चपला परत आणल्या आणि अण्णांच्या खांद्यावरची, वाहकाच्या पिशवीच्या पट्ट्याने पडलेली सुरकुतीही जशीच्या तशी ठेवली. म्हणून प्रूफ तपासताना मूळ छायाचित्र शेजारी ठेवून इंच-इंच पाहावे, हे मी आग्रहाने सांगेन.

मजकुराचेही तसेच आहे. आम्ही तो मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून दिला होता आणि त्यांच्याकडे तो श्रीलिपीत, म्हणजे अक्षरजुळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या वेगळ्या फाँट-प्रणालीत, रूपांतरित झाला. या रूपांतरात ‘कऱ्हाड’, ‘दुसऱ्या’ यांसारखे शब्द मोडले. दोन वेळा प्रूफ वाचूनही तिसऱ्या वेळी चार चुका सापडल्या. मुद्रितशोधनाची जबाबदारी शेवटी ग्राहकाचीच राहते.

आतील पानांना 90 जीएसएमचा (चौरस मीटरला 90 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद आणि छायाचित्रांच्या आठ पानांना गुळगुळीत आर्ट पेपर वापरला आहे. छपाई डिजिटल आहे, कारण एवढ्या थोड्या प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेट करणे परवडत नाही. सेंटर पिनऐवजी (मधल्या घडीवर मारलेल्या तारेच्या पिनांऐवजी) दोऱ्याची शिलाई घेतली, ती थोडी महाग पडली तरी वही पूर्ण उघडते आणि वयस्कर वाचकांना ती धरून ठेवावी लागत नाही. एका प्रतीला 140 रुपये आणि स्कॅनिंग व अक्षरजुळणीचे वेगळे 6,500 रुपये झाले. बारा दिवसांत देतो म्हणाले होते, त्याला एकोणीस दिवस लागले. वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठे हाती आले, त्यामुळे शेवटचे तीन दिवस फार काळजीत गेले. तारीख ठरलेली असेल तर किमान महिनाभर आधी काम द्यावे.

आईच्या उजव्या हाताला पक्षाघात झाल्यापासून नऊ वर्षे अण्णा रोज सकाळी तिची वेणी घालत. तिकिटे फाडून सराईत झालेली त्यांची बोटे सुरुवातीला केसांत अडखळत, आणि आई न बोलता मान स्थिर ठेवत असे. हा मजकूर स्मरणिकेत घ्यावा की नाही, यावर आमचा बराच विचार झाला, पण आईने स्वतःच तो घेण्यास सांगितले. कार्य उरकल्यावर तिने आणखी दहा प्रती मागवल्या. त्या छापखान्याने त्याच दरात दोन दिवसांत करून दिल्या. त्या वाई आगारातील वाहकांच्या विश्रांतिगृहात ठेवण्यासाठी माझा भाऊ घेऊन गेला.